उत्तर-आधुनिक कला, तिच्यामागचं तत्त्वज्ञान आणि समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलेचे विद्यार्थी आणि संग्रहालयातून गोंधळून बाहेर पडणारे प्रेक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. पुस्तकांत बहुतेक वेळा क्रम असा लावलेला असतो: आधी पॅरिसच्या तत्त्वज्ञांनी विचार मांडले, मग कलाकारांनी ते वाचून कलाकृती केल्या. सनावळी समोर ठेवली की हा क्रम विस्कटतो. खालच्या उत्तरांतही तो विस्कटलेलाच सापडेल.

उत्तर-आधुनिक कला म्हणजे नेमकी कोणती?

साधारणपणे १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत, मुख्यतः अमेरिका आणि युरोपात, ज्या कलेची चर्चा या नावाखाली झाली ती. शैलीवरून ओळखायला गेलात तर हाती काही लागत नाही. सूपच्या डब्यांची चित्रं, जाहिरातीसारखी दिसणारी पोस्टरं, खाऱ्या सरोवरात दगडमाती रचून केलेला वेटोळ्याचा बांध, दालनाच्या कोपऱ्यात ओतलेला गोळ्यांचा ढीग, सगळं याच नावाखाली येतं. डोळ्यांना दिसेल असं साम्य त्यात नाही. साम्य आहे ते शंकेत. कलाकार हा स्वयंभू प्रतिभावंत असतो, कलाकृती स्वतःत पूर्ण असते आणि बाहेरच्या जगाशी तिला देणंघेणं नसतं, कलेचा इतिहास एकाच दिशेनं पुढे सरकत जातो, या तीन गोष्टी आधुनिक कलेनं धरून चालल्या होत्या. उत्तर-आधुनिक कलाकारांनी यातली एखादी तरी नाकारली. बऱ्याच जणांनी तिन्ही.

मुळात आधुनिक कलेचं म्हणणं काय होतं?

न्यू यॉर्कचे समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग यांनी ते सर्वांत नेटकेपणानं मांडलं. 'मॉडर्निस्ट पेंटिंग' या १९६० च्या व्याख्यानात त्यांनी जर्मन तत्त्वज्ञ कांटला पहिला खरा आधुनिकतावादी म्हटलं. कांटनं तर्काच्याच आधारे तर्काच्या मर्यादा तपासल्या. तसंच प्रत्येक कलेनं आपल्या माध्यमाच्या आधारे स्वतःला तपासावं आणि इतर कलांकडून आलेलं सगळं बाजूला काढावं, असा त्यांचा आग्रह. गोष्ट सांगणं हे साहित्याचं काम, घनता आणि खोली ही शिल्पाची. मग चित्राकडे खास स्वतःचं काय उरतं? सपाट पृष्ठभाग.

अडचण अशी की ही वाट फार लवकर संपते. ॲड राइनहार्ट हे चित्रकार १९६० पासून १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत पाच फूट बाय पाच फुटांची, जवळजवळ काळीच चित्रं काढत राहिले. कुणालाही काढता येतील अशी शेवटची चित्रं आपण काढतो आहोत, असं ते म्हणत, आणि त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. त्यापुढे गाळून टाकायला काही शिल्लक नव्हतं.

पण विश्वास फक्त चित्रावरचा उडाला नव्हता. समाजात काय घडत होतं?

बरंच काही, आणि एकाच वेळी. प्रबोधनकाळापासून युरोपला वाटत आलं होतं की विवेक, विज्ञान आणि नियोजन यांच्या बळावर माणूस सुधारत जाईल. आउश्वित्झमध्ये नियोजन होतं, हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमागे विज्ञान होतं. आउश्वित्झनंतर कविता लिहिणं रानटीपणाचं आहे, हे जर्मन तत्त्वज्ञ आडोर्नोचं गाजलेलं विधान १९५१ मध्ये छापून आलं. प्रगतीची गोष्ट सांगणाऱ्याकडे संशयानं पाहायला तेव्हाच सुरुवात झाली होती. त्या संशयाला नाव मिळायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली.

दुसरा बदल चित्रांच्या पुराचा. १९५० मध्ये अमेरिकेतल्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात टीव्ही होता, १९६० पर्यंत दहापैकी जवळपास नऊ घरांत आला. रंगीत मासिकं, फलक, वेष्टनं यांची भर वेगळीच. आधीच्या चित्रकाराला डोंगर किंवा चेहरा थेट भेटायचा. या पिढीला तो आधी छापील पानावर किंवा पडद्यावर भेटला होता. त्यामुळे जगाचं चित्र काढायचं म्हणजे चित्रांचं चित्र काढायचं, हे तिला कुठल्याही ग्रंथाशिवाय कळलं होतं.

तिसरा बदल रस्त्यावरचा. नागरी हक्कांची चळवळ, व्हिएतनाम युद्धाला विरोध, मे १९६८ मधला पॅरिसचा उठाव, स्त्रीमुक्ती चळवळ. 'सर्व माणसांना भिडणारी कला' असं म्हटलं की प्रश्न येऊ लागला: सर्व म्हणजे कोण? ठरवलं कुणी?

चौथ्या बदलाकडे समीक्षक फारसं लक्ष देत नाहीत, मला तो महत्त्वाचा वाटतो. न्यू यॉर्कच्या सोहो भागातून कारखाने निघून गेले, त्यांचे प्रशस्त रिकामे मजले कलाकारांनी स्वस्तात घेतले. तिथे राहण्याची रीतसर परवानगी कलाकारांना १९७१ मध्ये मिळाली. दिवाणखान्यात टांगायच्या चित्रापेक्षा अख्खी खोली भरणारं मांडणशिल्प सुचायला अशी जागा लागते. मॅन्हॅटनमधल्या कारखानदारीची ओहोटी आणि मांडणशिल्पांची भरती यांचा संबंध तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात सापडणार नाही.

'महाकथनांवरचा अविश्वास' असं सारखं ऐकू येतं. म्हणजे काय?

शब्दप्रयोग फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-फ्रांस्वा लिओतार यांचा, १९७९ सालचा. गंमत म्हणजे ते पुस्तक कलेवरचं नाही. क्विबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेनं, प्रगत समाजातल्या ज्ञानाची स्थिती काय आहे, असा अहवाल मागवला होता, तो हा. संगणकामुळे ज्ञान विकाऊ माल होईल, असं त्यात भाकीत आहे. इतिहासाला एकच दिशा देणाऱ्या मोठ्या गोष्टी, म्हणजे विवेकानं होणारी मुक्ती, क्रांतीनं होणारी मुक्ती, विज्ञानाची अखंड प्रगती, यांवर आता कुणाचा भरवसा उरला नाही, असं लिओतार यांचं निदान होतं.

कलेत याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे १९८२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये उभं राहिलेलं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक. स्पर्धेत चौदाशेहून अधिक आराखडे आले होते. निवडला गेला तो माया लिन या येल विद्यापीठातल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा. जमिनीत उतरत जाणारी काळ्या ग्रॅनाइटची भिंत, तिच्यावर मृतांची नावं, मृत्यूच्या क्रमानं. हुद्दा नाही, पराक्रमाचं वर्णन नाही, घोड्यावर बसलेला सेनापती नाही. दगड इतका गुळगुळीत की नावांवर वाचणाऱ्याचाच चेहरा उमटतो. देशाची शौर्यगाथा इथे सांगितलेलीच नाही, आणि विरोधकांना नेमकं तेच खुपलं. तडजोड म्हणून १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसवला गेला. एका मैदानात दोन युगं शेजारी शेजारी उभी आहेत असं म्हणता येईल. लिन यांनी लिओतार वाचलेले असण्याची काही गरज नव्हती. त्या युद्धाची गौरवकथा लोकांच्या गळी उतरणार नाही, हे देशाला ठाऊक होतं.

बार्थ, फुको, देरिदा यांनी कलेला काय दिलं?

थोडक्यात सांगायचं तर या तीन फ्रेंच विचारवंतांनी बोलायला भाषा दिली.

रोलाँ बार्थ यांनी 'लेखकाचा मृत्यू' या निबंधात म्हटलं की संहितेचा अर्थ लेखकाच्या मनात शोधू नका, तो वाचकाकडे घडतो, कारण प्रत्येक संहिता आधीच्या असंख्य संहितांच्या धाग्यांनी विणलेली असते. हा निबंध पहिल्यांदा कुठे आला, हे पाहण्यासारखं आहे. १९६७ मध्ये 'ॲस्पेन' नावाच्या अमेरिकी नियतकालिकात, इंग्रजीत. हे नियतकालिक बांधीव नसायचं, पेटीतून यायचं. ब्रायन ओडोहर्टी यांनी संपादित केलेल्या त्या अंकाच्या पेटीत बार्थच्या शेजारी कलाकारांची कामं होती: सोल लेविट यांची मांडणी, राउशेनबर्ग यांची फिल्म, द्युशाँच्या आवाजाची तबकडी. म्हणजे या सिद्धांताचं जन्मस्थान जवळजवळ एक मांडणशिल्पच आहे. प्रभाव कुणाचा कुणावर, हे विचारताना ती पेटी विसरू नये.

मिशेल फुको यांच्याकडून कलाकारांनी घेतलं ते असं की ज्ञान आणि सत्ता एकमेकींना घडवतात. तुरुंग, दवाखाना, शाळा या ठिकाणी हे खरं असेल तर संग्रहालय त्यातून सुटेल कसं? जाक देरिदा यांच्या विरचनेतून सवय लागली ती जोड्या उलटून पाहण्याची: मूळ आणि नक्कल, चित्र आणि चौकट, उच्च आणि बाजारू. यातली पहिली बाजू श्रेष्ठ का, आणि दुसरीशिवाय ती उभी तरी राहते का?

मग कलाकारांनी ही पुस्तकं वाचून काम केलं की नाही?

आधी नाही, नंतर फारच.

राउशेनबर्ग यांनी विलेम डी कूनिंग या नामांकित चित्रकाराकडून एक रेखाटन मागून घेतलं आणि कित्येक आठवडे खपून ते खोडलं. डी कूनिंग यांनीही मुद्दाम खोडायला अवघड असंच रेखाटन दिलं होतं. 'खोडलेलं डी कूनिंग रेखाटन' ही कलाकृती १९५३ सालची आहे. कर्तृत्व कुणाचं, पुसणं म्हणजे निर्मिती का, हे सगळं तिच्यात आहे आणि बार्थचा निबंध अजून चौदा वर्षं दूर आहे. जॅस्पर जॉन्स यांचा 'ध्वज' १९५४-५५ चा: हे झेंड्याचं चित्र आहे की झेंडाच? अँडी वॉरहॉल यांचे सूपचे बत्तीस डबे १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत लागले. देरिदांचं पहिलं मोठं पुस्तक इंग्रजीत आलं १९७६ मध्ये, लिओतार आले १९८४ मध्ये. न्यू यॉर्कच्या कलाकारांचं त्याआधीच घर बांधून झालं होतं. तत्त्वज्ञांनी येऊन दारावर पाटी लावली.

१९८० च्या दशकात मात्र चित्र उलटलं. कलाशाळांमध्ये फ्रेंच सिद्धांत शिकवला जाऊ लागला आणि विद्यार्थी तो पाठ करून कॅनव्हासकडे वळले. ज्याँ बोद्रियार यांच्या 'प्रतिरूपा'च्या कल्पनेवर, म्हणजे मूळच नसलेल्या नकलांच्या जगावर, न्यू यॉर्कमधल्या एका गटानं आपलं काम उभारलं. स्वतः बोद्रियार यांनी त्यांना आपलं मानायला नकार दिला, कारण जे आरपार प्रतिरूपच आहे त्याचं चित्र काढायला बसणं हाच त्यांच्या मते गैरसमज होता. माझं मत विचाराल तर या काळातलं पुष्कळ काम सिद्धांताचं सचित्र पाठ्यपुस्तक वाटतं. अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

वॉरहॉलचं ब्रिलोचं खोकं दुकानातल्या खोक्यापेक्षा वेगळं कसं?

१९६४ मध्ये न्यू यॉर्कच्या स्टेबल गॅलरीत वॉरहॉल यांनी ब्रिलो या भांडी घासायच्या साबण-घासणीची खोकी रचून ठेवली. प्लायवुडची, वरून सिल्कस्क्रीननं छापलेली. आर्थर डान्टो हे तत्त्वज्ञ ते पाहून अस्वस्थ झाले आणि त्याच वर्षी त्यांनी 'कलाजगत' या संकल्पनेवर निबंध लिहिला. नुसत्या डोळ्यांना दोन वस्तू जवळजवळ सारख्याच दिसत असतील आणि त्यातली एक कला असेल, दुसरी नसेल, तर कलेचं कलापण डोळ्यांना दिसणारं नाही. ते सिद्धांत, इतिहास आणि त्या वस्तूला कला म्हणून वागवणारा समाज यांच्यामुळे येतं. इथे कलेनं तत्त्वज्ञानाला कामाला लावलं, उलट घडलेलं नाही.

दुकानातल्या मूळ खोक्याचा आराखडा ज्यानं केला होता तो जेम्स हार्वी स्वतः अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकार होता, पोटासाठी वेष्टनं करायचा. त्याची चित्रं आज फार थोड्यांना आठवतात. त्याचं खोकं मात्र जगभरच्या संग्रहालयांत आहे, वॉरहॉल यांच्या नावानं.

मग तयार वस्तूला कला म्हणण्याचा पहिला मान द्युशाँला का नाही?

त्याला तो बहुतेक सगळे देतातच. १९१७ मध्ये 'आर. मट' अशी खोटी सही केलेलं त्याचं मुतारीचं भांडं न्यू यॉर्कच्या एका प्रदर्शनाकडे आलं. शुल्क भरणाऱ्या कुणाचंही काम मांडू, असं म्हणणाऱ्या संस्थेनं ते मांडलं नाही. पुढे ते हरवलं. आज दिसतात त्या १९५० नंतर केलेल्या प्रतिकृती, त्यातल्या बऱ्याच १९६४ च्या. ही दुसरी तारीख महत्त्वाची आहे. १९१७ मध्ये ते भांडं एक खोडी होती. तिचं परंपरेत रूपांतर केलं ते वॉरहॉल यांच्या पिढीनं, कारण ग्राहकसंस्कृतीत वाढलेल्या या पिढीला तयार वस्तूत कलेचा प्रश्न दिसत होता.

स्त्रीवादानं नक्की काय बदललं?

माझ्या मते सगळ्यात जास्त, आणि तेही सिद्धांताच्या गर्दीत हरवून न जाता.

कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी १९७१ मध्ये प्रश्न विचारला: थोर स्त्री-कलाकार का झाल्या नाहीत? विसरलेल्या चार-दोन नावांची यादी देऊन त्या थांबल्या नाहीत. त्यांनी यंत्रणा उलगडली. युरोपीय परंपरेत थोर चित्रकार व्हायचं तर नग्न मॉडेलवरून अभ्यास करावा लागे आणि एकोणिसाव्या शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत मुलींना त्या वर्गाचं दार बंद होतं. प्रतिभा ही आतून उमलणारी गूढ गोष्ट आहे, या समजुतीचा पायाच यामुळे हलला. आर. मटच्या भांड्यापेक्षा हा धक्का मोठा होता, कारण तो हसण्यावारी नेता येत नव्हता.

मग कामं आली. जूडी शिकागो यांनी १९७४ ते १९७९ या काळात अनेक सहकाऱ्यांच्या मदतीनं 'डिनर पार्टी' उभी केली: त्रिकोणी मेज, एकोणचाळीस स्त्रियांसाठी मांडलेली पानं, खालच्या फरशीवर आणखी ९९९ नावं. भरतकाम आणि चिनी मातीवरचं रंगकाम या 'बायकी' ठरवलेल्या कौशल्यांना तिथे स्मारकाचा आकार मिळाला. ग्रीनबर्ग यांच्या शुद्ध माध्यमाच्या कल्पनेत अशा कामाला जागाच नव्हती. मार्था रॉसलर यांचा १९७५ चा सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ याच्या अगदी उलट, कोरडा: स्वयंपाकघरात उभी राहिलेली बाई वर्णमालेच्या क्रमानं एकेक उपकरण उचलून दाखवते आणि प्रत्येक हालचालीत दबलेला राग वाढत जातो. चिन्हांचं शास्त्र, म्हणजे चिन्हांना अर्थ कसा मिळतो याचा अभ्यास, त्या काळी विद्यापीठांत जोरात होतं. रॉसलर यांनी ते सुरी आणि काट्याच्या टोकावर आणलं.

सिंडी शर्मन यांनी १९७७ ते १९८० मध्ये स्वतःलाच मॉडेल करून सुमारे सत्तर कृष्णधवल छायाचित्रं घेतली. पाहताक्षणी वाटतं की हे जुन्या चित्रपटातलं दृश्य आहे, आपण तो पाहिलेला आहे. असा चित्रपट नसतोच. भेदरलेली गृहिणी, शहरात नवी आलेली मुलगी, एकटी वाट पाहणारी बाई, हे सगळे साचे आपल्या डोक्यात आधीपासून बसलेले असतात, आणि शर्मन त्यांना फक्त टिचकी मारतात. बोद्रियारचा वर उल्लेख केलेला सिद्धांत पुस्तकरूपानं आला तो १९८१ मध्ये, म्हणजे ही मालिका संपल्यावर.

आणि आकडे. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९८४ मध्ये समकालीन कलेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवलं. १६९ कलाकारांत स्त्रिया होत्या तेरा. त्या चिडीतून १९८५ मध्ये गोरिलाचे मुखवटे घालणारा 'गरिला गर्ल्स' हा गट जन्मला. त्यांच्या १९८९ च्या पोस्टरवर विचारलं होतं की मेट्रोपॉलिटन संग्रहालयात शिरायला बाईला नग्न व्हावं लागतं का? तिथल्या आधुनिक विभागात स्त्री-कलाकार पाच टक्क्यांहून कमी आणि नग्नचित्रांपैकी ८५ टक्के स्त्रियांची, अशी त्यांची मोजदाद होती.

दुसऱ्याच्या फोटोचा फोटो काढून त्याखाली आपलं नाव लिहिणं ही चोरी नाही का?

शेरी लेव्हीन यांनी १९८१ मध्ये तेच केलं. वॉकर इव्हान्स यांनी १९३६ मध्ये अलाबामातल्या गरीब शेतकरी कुटुंबांची काढलेली छायाचित्रं त्यांनी पुस्तकातून पुन्हा टिपली आणि 'वॉकर इव्हान्स यांच्यानंतर' या नावानं मांडली. लपवाछपवी काही नव्हती, शीर्षकातच कबुली होती. प्रश्न असा होता: इव्हान्सही त्या लोकांचे चेहरे घेऊन गेले होतेच, मग मालक कोण? आणि छायाचित्राला 'मूळ प्रत' असते तरी का? महान पुरुष-कलाकारांच्या वारशात जागा न मिळालेल्या स्त्रीनं तो वारसा सरळ उचलला, हाही एक अर्थ. २००१ मध्ये मायकल मँडिबर्ग यांनी लेव्हीन यांचे फोटो स्कॅन करून संकेतस्थळावर टाकले, सोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्रही, ज्याचं त्यानं छापून घ्यावं.

कायदा मात्र बार्थ वाचून चालत नाही. शिल्पकार जेफ कून्स यांनी एका छायाचित्रावरून कुत्र्याची पिल्लं घेतलेल्या जोडप्याचं शिल्प केलं. विडंबनाचा बचाव अमेरिकी न्यायालयानं १९९२ मध्ये फेटाळला. २०२३ मध्ये वॉरहॉल फाउंडेशनही छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी हरलं. लेखक सिद्धांतात मेला असेल, त्याचा वकील जिवंत आहे.

या सगळ्यात इमारतींचा विषय का येतो?

कारण तिथे फरक रस्त्यावरून दिसतो. सेंट लुईसमधली प्रुइट-आयगो ही गृहवसाहत आधुनिक नियोजनाचा नमुना होती: मिनोरू यामासाकी यांचा आराखडा, अकरा मजली तेहतीस इमारती. १९५० च्या दशकात उभ्या राहिल्या आणि १९७२ पासून सुरुंग लावून पाडल्या गेल्या. समीक्षक चार्ल्स जेंक्स यांनी जाहीर केलं की १५ जुलै १९७२ रोजी दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी आधुनिक वास्तुकला मरण पावली. वाक्य झकास आहे, पण पहिली इमारत मार्चमध्येच पडली होती. शिवाय ती वसाहत फक्त वास्तुकलेमुळे कोसळली, हेही अर्धसत्य. देखभालीचा खर्च भाड्यातून भागवायचा होता, शहराची लोकसंख्या घटत होती, वर्णभेद होताच. चांगली मृत्युकथा मिळाली की कारणं तपासण्याचा कंटाळा येतो, हे उत्तर-आधुनिकांच्या बाबतीतही खरं ठरलं.

वास्तुकार रॉबर्ट व्हेंचुरी यांनी १९६६ मध्येच गुंतागुंत आणि विसंगतीची बाजू घेतली होती. पुढे फिलिप जॉन्सन यांनी न्यू यॉर्कमध्ये एटी अँड टी कंपनीची ३७ मजली इमारत १९८४ मध्ये पूर्ण केली, तिच्या माथ्यावर जुन्या लाकडी कपाटासारखी खाच. इतिहासाची उसनवारी आता मोठ्या कंपन्यांनाही शोभू लागली होती.

संग्रहालयांवर कलाकार का उलटले?

फुकोंचा धडा सर्वांत कामी आला तो इथे. हान्स हाके यांनी १९७० मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दोन पारदर्शक पेट्या ठेवल्या आणि प्रेक्षकांना विचारलं: गव्हर्नर रॉकफेलर यांनी निक्सन यांच्या इंडोचायना धोरणाचा निषेध केलेला नाही, या कारणावरून तुम्ही त्यांना मत नाकाराल का? रॉकफेलर त्याच संग्रहालयाचे विश्वस्त होते. 'हो'ची पेटी 'नाही'च्या दुपटीहून जास्त भरली. पुढच्या वर्षी गुगेनहाइम संग्रहालयात हाके न्यू यॉर्कमधल्या एका घरमालकाच्या मालमत्तांचं जाळं कागदपत्रांनिशी मांडणार होते. प्रदर्शन रद्द झालं, ते आखणाऱ्या अभिरक्षकाची (क्युरेटरची) नोकरी गेली.

माझ्या पसंतीचं उदाहरण फ्रेड विल्सन यांचं. बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत १९९२ मध्ये त्यांनी नवीन काहीच बनवलं नाही, संस्थेच्याच कोठारातल्या वस्तू हलवल्या. 'धातुकाम १७९३-१८८०' अशी पाटी असलेल्या कपाटात चांदीची नक्षीदार भांडी, आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या लोखंडी बेड्या. एकाच प्रांतातला, एकाच काळातला धातू. दुसरीकडे नेपोलियन वगैरेंचे अर्धपुतळे, ज्यांचा मेरीलँडशी संबंध नाही, आणि समोर तीन रिकामे चौथरे: हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, बेंजामिन बॅनेकर. तिघंही मेरीलँडचे नामांकित कृष्णवर्णीय, पण संग्रहात त्यांचे पुतळेच नव्हते. वसाहतवाद आणि वंशवादावर लिहिलेली पानंच्या पानं तिथे एका कपाटात मावली.

हे सगळं थंड, उपरोधिक आणि भावनाशून्य आहे, असं का वाटतं?

काही काम तसं आहेच. पण फेलिक्स गोन्झालेझ-टॉरेस यांचा १९९१ चा गोळ्यांचा ढीग घ्या. रंगीत कागदात गुंडाळलेल्या गोळ्या, आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. प्रेक्षकानं एक उचलून खायची. ढीग घटत जातो, संग्रहालय तो पुन्हा भरू शकतं. शीर्षकातल्या रॉसचं, कलाकाराच्या जोडीदाराचं, त्याच वर्षी एड्समुळे निधन झालं होतं. हे वजन त्याच्या निरोगी देहाचं मानलं जातं. कलाकारही १९९६ मध्ये गेला. ठरावीक 'मूळ वस्तू' नाही, अर्थ प्रेक्षकाच्या हातून घडतो, माल तयार विकत आणलेला: उत्तर-आधुनिकतेचे सगळे नियम पाळले आहेत. आणि त्या नियमांतूनच शोक व्यक्त झाला आहे.

उत्तर-आधुनिकता फक्त अमेरिका-युरोपची का?

नाव तिथलं, पण कारणं जागोजागी निराळी. मॉस्कोत ग्राहकसंस्कृती नव्हती, पण पोकळ झालेलं एक महाकथन होतं आणि ते रोज फलकांवर झळकत होतं. व्हिताली कोमार आणि अलेक्झांडर मेलामिद यांनी १९७२ च्या सुमारास सरकारी घोषणांखाली स्वतःची सही करायला सुरुवात केली. १५ सप्टेंबर १९७४ रोजी मॉस्कोत उघड्या माळावर भरलेलं अनधिकृत प्रदर्शन बुलडोझर घालून उधळलं गेलं, त्यात त्यांचंही काम होतं. वॉरहॉलला जे सूपचं वेष्टन, ते यांना घोषवाक्य.

चीनमध्ये शू बिंग यांनी १९८७ पासून सुमारे चार हजार अक्षरं लाकडात कोरली आणि त्यांतून छापलेले ग्रंथ व लांबलचक पट मांडले. अक्षरं अगदी चिनी वाटतात, पण एकही खरं नाही. शिकलेला माणूसही तिथे निरक्षर होतो. ज्या पिढीनं सांस्कृतिक क्रांतीत शब्दांचा मारा सोसला होता, तिला 'अर्थ निसटतो' हे देरिदांकडून शिकावं लागलं नाही.

म्हणजे 'काहीही चालतं' असंच ना?

हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत आळशी आहे. लिओतार स्वतः या 'सगळं चालतं' वृत्तीवर चिडले होते. सगळं चालतं तिथे शेवटी पैसा निकष ठरतो, असं त्यांचं म्हणणं. खरे आक्षेप दोन. जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास १९८० मध्ये म्हणाले की आधुनिकतेचा प्रकल्प फसलेला नाही, अपुरा आहे; तो सोडणं म्हणजे प्रतिगाम्यांना वाट मोकळी करून देणं. अमेरिकी समीक्षक फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ च्या दीर्घ निबंधात दाखवलं की ही संस्कृती भांडवलशाहीच्या नव्या टप्प्याचंच रूप आहे. व्हॅन गॉखच्या बुटांमागे कष्टाचं एक जग उभं राहतं. वॉरहॉलच्या चकाकत्या बुटांमागे काहीच नाही.

जेमसन यांच्या बाजूनं पुरावा हवा असेल तर कून्स यांचा स्टीलचा ससा पाहा. १९८६ चं शिल्प, फुगवलेल्या खेळण्याची चकचकीत नक्कल. २०१९ च्या लिलावात ते ९ कोटी ११ लाख डॉलरना विकलं गेलं. मूळ आणि नकलेची उतरंड मोडायला निघालेल्या कलेत मूळ प्रतीला एवढी किंमत येते, यावर सिद्धांतवाद्यांकडे अजून समाधानकारक उत्तर नाही.

हे तर कुणालाही जमेल!

जमेल. केलं कुणी आणि कधी, हा प्रश्न आहे.

अशा कलाकृतीसमोर उभं राहून करायचं काय?

'सुंदर आहे का' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी साल पाहा, आणि त्या साली त्या शहरात काय पेटलं होतं ते आठवा. वस्तू कुठून आली ते पाहा: बनवली, विकत आणली, उसनी घेतली की हलवली. कलाकृती कुणाच्या पैशानं, कुणाच्या भिंतीवर लागली आहे, हेही विचारा. हाके यांच्यानंतर तो प्रश्न असभ्य राहिलेला नाही. आणि शेजारची पाटी काढून टाकली तर काम काही सांगतं का, ते तपासा. विल्सन यांच्या कपाटातल्या बेड्या पाटीशिवायही बोलतात. १९८० च्या दशकातल्या कित्येक कॅनव्हासना मात्र पाटी काढली की वाचाच उरत नाही.

उत्तर-आधुनिक कला संपली का?

चळवळ म्हणून, हो. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, त्याच वर्षी पॅरिसमधल्या एका मोठ्या प्रदर्शनात पश्चिमेचे आणि पश्चिमेबाहेरचे मिळून शंभरावर कलाकार बरोबरीनं मांडले गेले आणि पुढच्या दशकात 'समकालीन कला' हे बिनचेहऱ्याचं नाव रूढ झालं. सवयी मात्र टिकल्या. दुसऱ्याची प्रतिमा उचलून तिला नवा मथळा देणं हा १९८१ मध्ये लेव्हीन यांच्यासारख्या मोजक्या कलाकारांचा उद्योग होता. आज मीम बनवणारा प्रत्येक जण तो करतो आणि त्याला कुणी कला म्हणत नाही. डान्टो असते तर त्यांनी यावरही निबंध लिहिला असता.